हजेरी आणि आडनाव



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास सांगण्याचा अधिकार पंडितांचा आहे, याची आम्हाला जाणीव आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते थोडे वाचनालयाच्या बाकावर आणि पुष्कळसे कामगार न्यायालयाच्या ओट्यावर. तेव्हा आम्ही शिलालेख वाचून दाखवू शकणार नाही. पण नावे वाचून दाखवू शकतो. युनियनचे काम करणाऱ्याचा निम्मा जन्म नावे लिहिण्यातच जातो. सभासदत्वाची पावती, मागणीपत्राखालच्या सह्या, खटल्यातली वादींची यादी, संपाच्या दिवशी कोण आले आणि कोण आत गेले त्याची टिपणे, सगळीकडे नावेच. तीस वर्षे नावे लिहिल्यावर माणूस ती नुसती लिहीत नाही, वाचूही लागतो.

कामठीच्या एका जुन्या पावतीपुस्तकाचे पान उघडले तर त्यावर रामटेके आहेत, मेश्राम आहेत, बोरकर, शेंडे, वासनिक, अन्सारी आहेत आणि मधूनच एखादे नायडू किंवा पिल्ले आहेत. एवढ्या एका पानावर रामटेकची टेकडी, गोंडांचा मुलूख, उत्तरेकडचे माग आणि मद्रासची पलटण एकत्र आली आहेत. पण आमच्याकडे आडनाव विचारतात ते या कौतुकाने नव्हे. नागपुरात भाड्याची खोली पाहायला गेलेल्या माणसाला घरमालक नाव विचारतो, त्याने नुसते नाव सांगितले की "पूर्ण नाव?" असे विचारतो, आणि आडनाव ऐकूनही उलगडा झाला नाही तर "मूळ गाव कोणते?" म्हणतो. त्याला गावाशी काही कर्तव्य नसते. त्याला जात हवी असते. आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला, असा त्याचा पक्का समज असतो. हा समज इतिहासाला धरून आहे की नाही, एवढेच आज आम्हाला तपासून पाहायचे आहे.

पहिल्यांदा शब्दच पाहा. हमरस्ता सोडून जाते ती आडवाट, बाजूला पडलेले ते आडगाव. त्याच चालीवर मुख्य नावाच्या बगलेला लागलेले ते आडनाव. भाषेने त्याला मोठा मान दिलेलाच नाही. गावात तर त्याची गरजच नव्हती. पाचशे वस्तीच्या गावात दोन गणपत असले तर एक वडाजवळचा आणि एक लंगडा, एवढ्याने भागते. सरकारी कागदावर बापाचे नाव जोडले की काम होई. देशावरच्या जुन्या कागदांत 'बिन' लिहीत, आमच्या नागपूर-वऱ्हाडात 'वल्द' लिहीत. बाईच्या नावापुढे 'जोजे' आणि नवरा वारला असल्यास 'बेवा'. अमुक वल्द तमुक, राहणार मौजे अमके, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेतसारा वसूल झाला.

जगात इतरत्रही हीच गत. इंग्लंडात नॉर्मन राजांनी १०६६ साली राज्य घेतल्यावर प्रथम बड्या जमीनदारांत आडनावे रूढ झाली आणि शेतकऱ्या-मजुरांपर्यंत ती पोचायला दोन-तीनशे वर्षे लागली. १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची वही ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ती घट्ट झाली. जपानात सामान्य माणसाला आडनाव सक्तीचे झाले १८७५ साली, तुर्कस्तानात १९३४ साली. याचा अर्थ असा की आडनाव हे फार प्राचीन काळापासून रक्ताबरोबर वाहत आलेले नाही. कोणीतरी वही उघडली, लेखणी उचलली आणि "आडनाव?" असे विचारले, तेव्हा ते जन्मले.

वॉशिंग्टन या आडनावाची हकीगत आम्हाला फार बोधक वाटते. उत्तर इंग्लंडात डरहॅम परगण्यात त्या नावाचे एक खेडे होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम नावाचा एक सरदार तेथील जहागिरीचा मालक झाला. तो आधी हर्टबर्न या दुसऱ्या गावचा म्हणून ओळखला जाई. जहागीर बदलली तसे त्याने नावही बदलले आणि तो वॉशिंग्टनचा झाला. त्याच्या वंशातला एक जण सतराव्या शतकाच्या मध्याला समुद्र ओलांडून व्हर्जिनियात गेला. त्याचा पणतू जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला आणि मग राजधानीलाच त्याचे आडनाव दिले. खेड्याचे आडनाव झाले, आडनावाचे शहर झाले. इथवरची गोष्ट शाळेतल्या पुस्तकातही सापडते.

पुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बुकर नावाचा एक मुलगा १८५६ च्या सुमारास गुलामीत जन्मला. गुलामगिरी उठली आणि तो शाळेत गेला. मास्तर हजेरी घेऊ लागले. प्रत्येक मुलगा दोन नावे सांगतो आहे आणि आपल्याला तर एकच नाव आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगितले. ही हकीगत त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पुढे तो आपल्या समाजाचा मोठा शिक्षक झाला. अमेरिकेच्या २००० सालच्या खानेसुमारीत वॉशिंग्टन आडनावाची एक लाख त्रेसष्ट हजारांवर माणसे होती आणि त्यांतली शंभरांत नव्वद काळ्या वर्णाची होती. डरहॅमच्या सरदाराचे रक्त शोधायला कोणी त्या घरी गेला, तर त्याची काय फजिती होईल ते सांगायला नको.

आता आपल्या मुलखात येऊ. कामठीहून तीस-पस्तीस किलोमीटरवर रामटेक. कन्हान जंक्शनहून तिकडे रेल्वेचा फाटा जातो. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी मांडले. रामाचे देऊळ, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा, सगळ्यांना ठाऊक आहे. रामटेके हे आडनाव त्या गावावरून पडले हे लहान मुलगाही सांगेल. पण ते पडले कोणाला? रामटेकात राहणाऱ्याला रामटेके म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच रामटेकचे. ज्याने ते गाव सोडले, ज्याचे पोट तिथे भरेना, जो दुसऱ्या गावी उपरा म्हणून उभा राहिला, त्याला तिथले लोक रामटेकचा म्हणू लागले. गावावरून पडलेले आडनाव माणूस कुठला आहे ते सांगत नाही. त्याला कोणते गाव सुटले ते सांगते.

आणि इथेच मालक आणि मजूर यांच्या आडनावांत एक भेद आहे. डरहॅमच्या त्या सरदाराने गावाचे नाव घेतले ते गाव त्याच्या मालकीचे झाले म्हणून. आपल्याकडचे उदाहरण अगदी घरचे आहे. नागपूरच्या राजघराण्याला नागपूरकर भोसले म्हणत आले. नागपूर त्यांचे होते. आणि याच मुलखात नागपुरे आडनावाची साधी घरे आहेत. नागपूर सोडून दुसऱ्या गावी गेली म्हणून ती नागपुरे. शहर एकच. एकाच्या नावात ते राज्य म्हणून आले, दुसऱ्याच्या नावात सुटलेली वेस म्हणून.

प्रत्ययांचीही थोडी गंमत आहे. कोकणात आणि देशावर गावाच्या नावाला 'कर' लागतो, हे सर्वश्रुत आहे. नागपूरच्या गिरणी कामगारांचे जुने पुढारी रुईकर यांच्या नावात रुई आहेच. पण आमच्या पूर्वेकडच्या मुलखात 'कर'चे एकट्याचे राज्य नाही. इथे नुसती मात्रा देऊन काम भागवतात. रामटेकचा रामटेके, नागपूरचा नागपुरे, वैरागडचा वैरागडे. चंद्रपूर-यवतमाळकडे सरकले की 'वार' सुरू होतात. तेलुगूत 'वारु' हा आदराचा आणि अनेकवचनाचा शब्द, अमक्यांकडचे असा त्याचा भाव. १९६२ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. मुंबईला गेलेल्या माणसाचे आडनाव 'वार'ने संपले की तो चांदा-यवतमाळकडचा, हे आजही ओळखू येते. म्हणजे आडनावाची शेवटची दोन अक्षरे पुष्कळदा जातीपेक्षा भूगोल चोख सांगतात.

पण भूगोलावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. बोरकर घ्या. गोव्यात जुवारीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. कवी बाकीबाब बोरकर तिथले. आमच्या विदर्भात बोरीच्या झाडाला तोटा नाही आणि त्यामुळे बोरी, बोरगाव, बोरखेडी यांनाही तोटा नाही; नागपूरजवळची बुटीबोरी तर प्रसिद्धच आहे. त्यांपैकी कोणत्याही एका बोरीतून उठून गेलेला माणूस बोरकर होऊ शकतो आणि तसे झालेही आहे. गोव्याचे सारस्वत बोरकर आणि कामठी-भंडाऱ्याकडचे बौद्ध बोरकर यांचा संबंध एवढाच, की दोघांच्या पूर्वजांच्या गावात बोरी होत्या. शेंड्यांचे तसेच. शेंडे ब्राह्मणांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्धांत आहेत. देशमुख आणि पाटील ही तर वतनाची नावे. वतन ज्याच्याकडे त्याच्याकडे नाव, आणि मुसलमान देशमुख, मुसलमान पाटील महाराष्ट्रात पाहिजे तितके सापडतील.

सर्वांत विचार करायला लावते ते मेश्राम. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या बाजूला शाळेच्या एका वर्गात दोन-तीन मेश्राम नाहीत असे क्वचितच होते. पुष्कळ बौद्ध कुटुंबांचे हे आडनाव आहे. हेच नाव गोंडांत मेसराम किंवा मेश्राम म्हणून आहे आणि तिथे ते नुसते आडनाव नव्हे, कुळ आहे. गोंडांत कुळांचे देव ठरलेले असतात, त्यांची संख्या ठरलेली असते, आणि सारख्या संख्येचे देव पुजणाऱ्या कुळांत सोयरीक होत नाही. तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर येथे दर वर्षी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेसराम कुळाची. कुळातले लोक पायी गोदावरीवर जाऊन पाणी आणतात, त्या पाण्याने देवाला स्नान घालतात, आणि त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनांना देवापुढे नेतात. ही भेट झाली म्हणजे सून कुळात आली. आडनाव बदलण्याचा एवढा गंभीर विधी आम्हाला दुसरीकडे आढळलेला नाही. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात आणि पाच मिनिटांत बाई दुसरी होते. असो. मुद्दा हा, की केसलापूरला गोदावरीचे पाणी नेणारा मेसराम आणि कामठीचा बौद्ध मेश्राम एकच आडनाव लावतात, आणि तो शब्द ऐकून घरमालकाला जे कळले असे वाटते, ते त्याला कळलेले नसते.

आता कामठीच पाहू, कारण हे गाव मुळातच बाहेरून आलेल्यांचे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज कंपनीचे सैन्य यांची लढाई झाली. कंपनीकडून लढलेल्या पायदळात मद्रास फौजेच्या पलटणी होत्या. पुढे १८२१ साली नागपूरपासून दहा मैलांवर, कन्हानच्या काठी, छावणी वसली आणि तिच्या आधाराने हे शहर वाढले. गावाचे नावसुद्धा इंग्रजांच्या 'कँप'वरून पडले, असे जुने लोक सांगतात; तसे असेल तर गावालाही नाव पलटणीनेच ठेवले म्हणायचे. पलटणीमागे बाजार आला, व्यापारी आले, गाडीवाले, शिंपी, स्वयंपाकी आले. रेल्वे आल्यावर व्यापार नागपूरकडे ओढला गेला. १९०१ च्या खानेसुमारीत इथली वस्ती ३८,८८८ भरली आणि ती १८८१ पासून सारखी घटत आलेली होती. व्यापारी निघून जाऊ शकतात. हातावर पोट असणारे मागे राहतात, आणि त्यांची नावेही मागे राहतात.

मद्रासेकडून आलेल्यांची नावे नायडू, पिल्ले, मुदलियार. ही त्यांच्या मुलखात आपल्या अर्थाने आडनावे नव्हेत. ते किताब आहेत. नायडू म्हणजे नायक, मुदलियार म्हणजे पहिल्या मानाचा. तमिळ माणूस बापाच्या नावाचे आद्याक्षर आधी लिहितो आणि मग आपले नाव, संपले. १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद भरली. तिने जातीचे किताब नावापुढून काढून टाकण्याचा ठराव केला. पेरियार रामस्वामींनी स्वतःचे नायकर टाकले. पुढे तमिळ देशात असे किताब टाकणे हाच शिष्टाचार होऊन बसला. कामठीला आलेली घरे मात्र फार आधी निघालेली, आणि इथल्या प्रत्येक फॉर्मात आडनावाचा रकाना! तो रिकामा ठेवता येत नाही. त्यामुळे तिकडे गळून पडलेला किताब इकडे आडनाव होऊन टिकला.

अन्सारींची गोष्ट याच्या उलट. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मुसलमान विणकर दक्षिणेकडे येत राहिले. मालेगाव, भिवंडी आणि आमची कामठी ही त्यांच्या मुक्कामाची ठिकाणे. इंग्रजांच्या खानेसुमारीत त्यांना जुलाहा असे लिहीत. तो शब्द धंद्याचा खरा, पण लोकांच्या तोंडी तो हिणवण्याचा झालेला होता; जुलाह्याच्या मूर्खपणाच्या म्हणी उत्तरेत पुष्कळ. विणकरांना ते नको होते. त्यांनी आपणांस मोमिन म्हणजे श्रद्धावंत म्हणवून घेतले, आणि पैगंबरांना मदिनेत ज्यांनी आसरा आणि मदत दिली त्या अन्सारांवरून अन्सारी हे नाव धरले. १९२० नंतरच्या दशकात मोमिन कॉन्फरन्स उभी राहिली, तिने हा आग्रह सरकारदरबारी नेला. आता इतिहासाचा अभ्यासक म्हणेल की कामठीच्या मागावर बसलेल्या सगळ्यांची वंशावळ मदिनेपर्यंत जाते याला पुरावा काय? आम्ही त्याला विचारू, की जुलाहा या शब्दात मूर्खपणा भरला त्याला पुरावा काय होता? ज्यांना दुसऱ्यांनी नाव ठेवले, त्यांनी एकत्र बसून स्वतःचे नाव ठेवले. आमच्या दृष्टीने हे युनियन बांधण्यासारखेच काम आहे.

दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाचे आणखी एक उदाहरण दगडावर कोरलेले आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे तिथल्या स्तंभावर आहेत. त्यांत कित्येक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. महार शिपायाच्या नावाला ते लागत असे. आडनाव नाही, नावातच जात गोवलेली. गावात दगडू, धोंडू, कचरू, उकंडा अशी नावे. मूल जगावे म्हणून दृष्ट चुकवायला अशी नावे अनेक जातींत ठेवीत हे खरे, पण काही घरांना दुसरे चांगले नाव ठेवण्याची मुभाच नसे. अशा माणसाच्या पोराला शाळेची नाहीतर पलटणीची वही पहिल्यांदाच आडनाव विचारी.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या वहीत एका मुलाचे नाव लिहिले गेले: भिवा रामजी आंबेडकर. घराणे सकपाळांचे, गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळचे आंबडवे. वडील रामजी पलटणीत सुभेदार होते. गावावरून आंबडवेकर व्हायचे ते शाळेच्या वहीत आंबेडकर झाले. आज हे आडनाव सबंध जगात एका माणसामुळे ओळखले जाते. सकपाळ आणि आंबेडकर यांच्यामधले अंतर एका हजेरीइतके आहे. बुकर वॉशिंग्टनच्या शाळेत जे घडले तेच थोड्या फरकाने इथे घडले, आणि दोन्ही मुलांनी पुढे त्या नावाचे जे केले ते वहीतल्या शाईने केलेले नव्हते.

आणि आमचे बाबू हरदास! त्यांच्याविषयी कामठीत बोलताना आम्हाला थोडे थांबावेच लागते, कारण आम्ही ज्या कामात आहोत ते या गावात त्यांनी आमच्या आधी केले. ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत जन्म. वडील लक्ष्मण नगराळे रेल्वेत कारकून. मुलगा मॅट्रिक झाला, संस्कृत शिकला, वयाच्या विशीच्या आतबाहेर साप्ताहिक काढले, रात्रीच्या शाळा चालविल्या. विडी कामगारांना सट्टेदार लुटतात हे पाहून विड्यांचा धंदा सहकारी तत्त्वावर चालविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने नागपूर-कामठी मतदारसंघातून ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना देतात. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने ते गेले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. कन्हानच्या काठी त्यांना निरोप दिला.

त्यांचे पूर्ण नाव हरदास लक्ष्मण नगराळे. पण ते लिहीत आणि लोकही म्हणत: हरदास एल. एन. बाप आणि आडनाव दोन्ही दोन अक्षरांत मिटून मागे टाकलेली, आणि पुढे माणसाचे स्वतःचे नाव. शाळेतली आजची मुले हरदास हेच आडनाव समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण हरदास हे आडनावही आहे. नागपूरचे विख्यात वक्ते बाळशास्त्री हरदास आपल्या आधीच्या पिढीने ऐकलेले आहेत. हरदास म्हणजे कीर्तनकार. ब्राह्मणाच्या घरी तो धंदा होता म्हणून आडनाव झाले, आणि कामठीच्या महाराच्या घरी बाळाचे हौसेने ठेवलेले नाव झाले. नागपूर आणि कामठी, मध्ये दहा मैल. एकाच शब्दाने दोन माणसे ओळखली गेली आणि दोघांचे आयुष्य अगदी निरनिराळ्या वाटांनी गेले. नाव ऐकून माणूस ओळखणाऱ्या घरमालकाने यांतल्या कोणाला खोली दिली असती, हे तुम्हीच ठरवा.

विड्यांची गोष्ट निघाली आहे तर ती थोडी पुरी करू. विडी कामगाराचे नाव वहीवर चढणे हीच मुळात मोठी लढाई होती. कारखानदार सट्टेदाराला तेंदूपत्ता आणि तंबाखू देई, सट्टेदार तो घरोघर वाटी, बायका घरी बसून सुपात पाने घेऊन विड्या वळीत. कारखानदार म्हणे, माझ्याकडे कामगार नाहीतच. सट्टेदार म्हणे, मीही त्यांच्यासारखाच गरीब. हजार विड्या मोजून द्यायच्या, त्यांतल्या छाट म्हणून काही बाजूला टाकायच्या, आणि ज्या बाईने त्या वळल्या तिचे नाव कुठेच नाही. १९६६ साली विडी-सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून काम करणारी बाईही कामगार ठरली आणि तिला कामाचे पुस्तक मिळू लागले. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७७ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा विडीधंद्याला लागला. वहीत नाव आले.

पण कोणते नाव? मुलगी दहाव्या-बाराव्या वर्षी आईच्या पुस्तकावर विड्या वळू लागते. मग तिचे स्वतःचे पुस्तक निघते, बापाच्या आडनावाने. लग्न होते, आडनाव बदलते आणि पुष्कळदा नावही बदलते. पण सट्टेदार जुन्याच पुस्तकावर माल घेतो, कारण नवे पुस्तक काढायचे तर कारखान्यात चकरा. रेशनकार्डावर सासरचे नाव, मतदार यादीत सासरचे नाव पण ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंग वेगळे, बँकेच्या पासबुकावर आणखी वेगळे. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला असे पाठभेद मिळाले की आनंद होतो. साठीच्या बाईला ते फंडाच्या खिडकीवर भेटतात.

अशीच एक बाई आमच्याकडे आली होती. फंडाच्या पुस्तकात ती रामटेके होती, आधारवर मेश्राम. एका कचेरीने तिचा दावा परत केला: नाव जुळत नाही, सबब दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा पुरावा जोडावा. मालकाची सही आणा म्हणाले. कारखाना बंद होऊन वर्षे झालेली. शाळेचा दाखला आणा म्हणाले. शाळेत ती गेलीच नव्हती. लग्नाचा दाखला नाही. मांडवात आलेले दोन साक्षीदार तेवढे हयात. सट्टेदार वारला, त्याच्या मुलाने वह्या रद्दीत घातलेल्या. बाईने मात्र आपले कामाचे पुस्तक जपून ठेवले होते. शेवटच्या पानापर्यंत दर आठवड्याला तिचा अंगठा होता. अंगठ्याला आडनाव नसते. त्या अंगठ्यावर, दोन प्रतिज्ञापत्रांवर आणि राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिरातीवर आम्ही पुन्हा दावा लावला. दोन वर्षे चार महिने लागले.

पैसे मिळाले, पेन्शनही सुरू झाली. पेन्शनच्या आदेशावर तिचे आडनाव तिसऱ्याच स्पेलिंगने छापून आले आहे. दुरुस्तीचा अर्ज गेल्या महिन्यात टपालात टाकला.